तळघरातला धाकटा

३ ऑगस्ट, रविवार

वणीला आलो एकदाचे. दारव्ह्याहून टेम्पो निघाला तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण गादी भिजली नाही की कपाटाला ओरखडा आला नाही. आमच्या घराण्याच्या मानाने हा शकुनच. बदलीचा हुकूम आला तेव्हा मी आठवडाभर धुसफुसत होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ऐन पावसाळ्यात इथे येणं म्हणजे कोळशाची धूळ, ट्रक आणि पुराचे पंचनामे. पण घर पाहिलं आणि निम्मा राग उतरला. मोठं स्वयंपाकघर, ओट्यावर सकाळचं ऊन, आभाला अभ्यासाला खिडकी. चौथीतल्या मुलीला अभ्यासापेक्षा खिडकीच जास्त लागते, पण असो. यज्ञेश्वरचं विम्याचं काम घरून चालतं, त्यालाही वेगळी खोली मिळाली.

शिवाय तळघर. घरमालक भगवानराव कापूस-तुरीची शेती करतात, मागच्या गल्लीत राहतात. कापूस ठेवायला म्हणून त्यांनी ते खोदलं, तळाला फरशी घालायची राहिली आणि वापरायचंही राहून गेलं. अंगणात मात्र मातीचा कण ठेवलेला नाही, कुंपणापर्यंत सगळी फरशी. अट एकच घातली, "खाली खायाचं काही ठेवू नका बाप्पा, उंदरं होतात." त्यांच्या पत्नीने, इंदुताईंनी, झुणका-भाकर पाठवली होती. तिघांनी जमिनीवर बसून खाल्ली. फार दिवसांनी कोणी कोणावर वैतागलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सासूबाई आल्या. ठरल्याप्रमाणे त्या सहा महिने पुण्याला धाकट्या दिराकडे, अनिकेतकडे असतात आणि सहा महिने आमच्याकडे. अनिकेतचे महिने अजून संपले नव्हते, पण त्याला म्हणे फ्लॅटला रंग द्यायचा आहे. यज्ञेश्वर बराच वेळ फोनवर भांडला. आपल्यावरूनच चाललंय हे सासूबाईंना ऐकू येत होतं. त्या मान खाली घालून वाती वळत बसल्या होत्या.

आईचे महिने मोजणारे हे दोघे आणि तिच्या गोळ्या, पथ्य, पाय चेपणं माझ्याकडे. भांडायला भाऊ, निस्तरायला भैरवी. पण खरं सांगायचं तर मला त्या आवडतात. जिभेने तिखट आहेत, तरी आभाच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझी वेणी त्यांनीच घातली, माझ्या आईने नव्हे. मी मनाशी ठरवलंय, या वेळी त्यांना परत पाठवायचं नाही. या वयात त्यांनी ट्रंक उचलून फिरायचं नाही. यज्ञेश्वरला अजून सांगितलेलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस झोडपतोय. निर्गुडा नदीच्या काठची घरं पाण्यात. आठवडाभर तलाठ्यांबरोबर गुडघाभर चिखलातून फिरून पंचनामे केले. लोकांच्या घरातलं पाणी लिहून आपल्या घरी आले तर आमच्या तळघरात पाणी. जिन्यावरून उतरलेलं नाही, जमिनीतून वर आलंय. आणि गढूळ नाही, माठातल्यासारखं स्वच्छ. कूलर, गाद्यांची गाठोडी, आभाची जुनी पुस्तकं, सगळं खाली. यज्ञेश्वरने एक वस्तू वर काढली नाही, तो फोनवर होता.

भगवानराव बघून गेले. म्हणाले, "दरसाल येते न आपल्या मनानं जाते. तुम्ही त्याच्या नादी लागू नका." भाडं घेणाऱ्याला असं शांत राहता येतं.

२४ ऑगस्ट, रविवार

पंप आणून लावला. संध्याकाळी तळ दिसला, सकाळी पाणी पुन्हा त्याच पायरीवर. परत लावला, परत तेच. ब्लीचिंग पावडर टाकून झाली. आभाला खोकला झालाय. सासूबाईंचे गुडघे ओलीने सुजलेत. यज्ञेश्वर आणि अनिकेत आता दारव्ह्याचं घर विकण्यावरून भांडतात. मी कचेरीतून येते, स्वयंपाक करते, पंप लावते, आणि कोणी विचारलं तर बरी आहे म्हणते. आज जिन्यात उभी राहून त्या पाण्याला चांगली सणसणीत शिवी दिली. थोडं बरं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आज महालक्ष्म्यांचं जेवण. या घराण्याचा नियम कडक आहे. हे जेवण घरच्यांपुरतंच. बाहेरच्या कोणाला त्यातला घास द्यायचा नाही, कारण जो जेवला तो घरचा झाला. खरकटंही घराबाहेर जाता कामा नये. पत्रावळी, उष्टं, हात धुतलेलं पाणीसुद्धा परसात खड्डा करून पुरायचं. दारव्ह्याला परस होतं. इथे फरशी.

यज्ञेश्वर म्हणाला, घंटागाडीत टाकू, देवी काय बघायला येते? सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आवाज चढवला, त्यांनी मुखवट्यांकडे बघून हात जोडले, आभा रडायला लागली. मी पहाटेपासून उभी होते. पुरण, आंबील, सोळा भाज्या. पायांचे तुकडे पडले होते. मी म्हटलं, तळघर घरातच आहे ना, खाली मातीच आहे ना? मग झालं तर. टोपलं उचललं, दार उघडलं आणि सगळं पाण्यात ओतलं. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या की घरातच राहिलं, चालेल. विषय मिटला. मी तिथेच भिंतीला टेकून झोपले.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी पत्रावळी वरच्या पायरीवर होत्या. एकीत एक घातलेल्या, स्वच्छ धुतलेल्या. पत्रावळी कोणी धुतं का? आभाला विचारलं, ती नाही म्हणाली. सासूबाईंना जिना उतरताच येत नाही. पाणी मात्र चांगलं खाली गेलंय, त्यामुळे मी फार खोलात शिरले नाही.

बोळवणीला सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकासाठी हळदीचा दोरा केला. एक जास्त निघाला. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "जेवला ना काल. धाकट्याचा." धाकटा म्हणजे अनिकेत, तो तर पुण्यात. वय झालं, म्हटलं. तो दोरा त्यांनी तळघराच्या कडीला बांधला.

७ सप्टेंबर, रविवार

सासूबाई रोज जेवणाआधी एक ताट वाढून तळघराच्या पायरीवर ठेवायला लावतात. ताट रिकामं परत येतं, घासून, पालथं घातलेलं. परवा मी मुद्दाम ठेवलं नाही. पाणी दुपारपर्यंत उंबऱ्याला लागलं. वरण-भात ठेवला, तासाभरात उतरलं.

मी घाबरायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं की चला, एक ताट तरी मला घासावं लागलं नाही. याची लाज वाटली.

सासूबाई आता अनिकेतला मधला म्हणतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यज्ञेश्वर संध्याकाळी तळघराच्या जिन्यात जाऊन बसतो. काय करतोस विचारलं तर म्हणतो, बरं वाटतं तिथे, शांत. अनिकेतशी भांडणं थांबलीत. आज फोन स्पीकरवर होता आणि दोघे भाऊ समंजस माणसांसारखे बोलत होते. मध्येच सासूबाई म्हणाल्या, आता तिघे आहात, तर चार-चार महिने करा, आधी धाकट्याकडे जाते. मला वाटलं यज्ञेश्वर हसेल. त्याने विचारलं, केव्हापासून?

मी सांगून टाकलं की आई कुठेही जाणार नाहीत, इथेच माझ्याजवळ राहतील. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घाईघाईने भगवानरावांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "आमच्या वेळेस ते पाणी मुकं होतं. तुम्ही त्याले जेवाले कायले घातलं?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

कचेरीतून आले. सासूबाईंचं अंथरूण गुंडाळलेलं. पिशवी नाही, चप्पल नाही. तळघराचं दार उघडं, पाणी उंबऱ्यापर्यंत.

यज्ञेश्वर चहा पीत होता. म्हणाला, धाकट्याचे महिने लागले.

मी त्याला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो चहा सांडू नये म्हणून कप बाजूला ठेवत राहिला.

१७ सप्टेंबर, बुधवार

पोलिसांत निघाले होते. यज्ञेश्वरने हात धरून जिन्याशी नेलं आणि ऐक म्हणाला. पाण्यातून सासूबाईंचा आवाज आला. ओला नव्हता, दुसऱ्या खोलीतून यावा तसा होता. "मले इथं बरं आहे, भैरवी. गुडघे दुखत नाहीत. तू कायले जीव जाळते?" मग त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या.

काय करायला हवं होतं मी? पायरीवर पाकीट ठेवलं. संध्याकाळी परत मिळालं. आजची गोळी घेतलेली होती. तेवढीच.

बुडालेलं माणूस गोळ्या घेत नाही. म्हणजे जिवंत आहेत. म्हणजे वर आणता येतील. रात्रभर हेच घोकत होते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भगवानरावांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन लावून दिलं. दिवसभर चाललं. रस्त्यावर ओढा झाला, पण घरातलं पाणी बोटभरही हललं नाही. बाहेर पडलेल्या पाण्याला पुरणाचा वास. भगवानराव इंजिन घेऊन गेले.

अनिकेतचा फोन. छान सोय झाली म्हणाला, वहिनी तुम्हालाही आराम. पुण्याला बसून त्याने काय ऐकलंय, कोणाकडून—

आराम. या शब्दाने रडू आलं.

२० सप्टेंबर, शनिवार

आभा तळघराच्या उंबऱ्यावर बसलेली. पाय पाण्यात. आजी म्हणते, धाकट्या काकाला मूलबाळ नाही, तू राहायला ये. खोकला गेलाय तिचा.

उचलून आणली. पाय पुसले. पुसले तरी ओलेच—

यज्ञेश्वरला सांगितलं, उद्या मी आभाला घेऊन घाटंजीला जाते, माझ्या माहेरी. तो चिडला नाही. जेवलात ना तुम्हीसुद्धा, म्हणाला. घरचं माणूस जाऊन जाणार कुठे.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळ

आभाला इंदुताईंकडे ठेवलं. दुपारची बस आहे. तिला तिथूनच घेईन, या घरात परत आणणार नाही.

पण आईंना अशा सोडून—

शब्द दिलाय मी. बोलून दिलाय, सगळ्यांसमोर. एकदा उतरते, हात धरते, वर आणते. यज्ञेश्वर आंघोळीला गेलाय.

त्याच दिवशी

पाणी आज चार पायऱ्या खाली गेलंय. जिन्यात बसलेय. पिशवी खांद्याला, वही त्यातलीच. पाणी कोमट. पाय घातले. दुखायचे थांबले. किती दिवसांनी. जरा वेळ बसले तर—

नाही. उठते.

आई दिसतात. खाली, भिंतीला टेकून. डोळे उघडे. हात वर केला त्यांनी. ये म्हणतायत की जा म्हणतायत, कळत—

त्यांच्या शेजारी कोणीतरी मांडी घालून—

मागे कडी लागली.

दार ढकललं. उघडत नाही. पाणी कमरेला. यज्ञेश्वर बाहेर फोनवर बोलतोय, किती गोड बोलतोय. इंदुताईंशी. आभाला जेवायला घरी पाठवा म्हणतोय. आज घरचे सगळे एकत्र—

इंदुताई, नका पाठवू तिला, नका पा—