तंबूवाला कुठल्या पुस्तकात आहे?

मेहुणे यांस,

तुम्हाला सप्रेम नमस्कार, आणि तुमच्या उजव्या पायाला वेगळा नमस्कार. सूज उतरली का, ठणका कमी आहे का, पायरी चढताना आधी कोणता पाय टाकता, हे सगळं सविस्तर कळवावं. सकाळी डोळे उघडले की माझ्या मनात पहिला विचार तुमच्या पायाचा येतो. (दुसरा माझ्या गुडघ्यांचा.) माळ्यावरची ट्रंक काढायला या वयात स्टुलावर चढू नये, चढायचंच असेल तर स्टूल हलवून बघावं, हे मी पूर्वीपासून सांगत आलो. पण तुम्ही हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि मी चौथीतून शाळा सोडून खुर्च्या विणायला बसलेला, माझं कोण ऐकतो? तुम्ही एकटे राहता, तेव्हा तुमची ताई शुश्रूषेला आली हे योग्यच झालं. माझी प्रकृती उत्तम आहे असं मी तिला फोनवर सांगितलं आहे, तेव्हा तुम्हीही तसंच धरून चालावं. दूध रोज उतू जातं. मी समोर उभा राहून बघत असताना जातं.

पत्र लांबेल. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसतील, त्यांना लाल पेन्सिल लावली तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचावं. मला एका पुस्तकाने फार छळलं आहे, आणि ते पुस्तक जगात नाही.

झालं असं. संध्याकाळी मी विणायला बसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. वेत दुपारपासून बादलीत भिजत असतो, तो एकदा बाहेर काढला की वाळायच्या आत ओवून ताणावा लागतो. हात गुंतलेले, डोळे चौकटीच्या भोकांवर, कान तेवढे रिकामे. हे रिकामे कान तुमची ताई लग्न झाल्यापासून भरत आली. दुपारी ती वाचनालयातलं पुस्तक वाचते आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला त्यातली गोष्ट सांगते. वाचून दाखवत नाही, सांगते. (वाचून दाखवलं की मला झोप येते आणि खुर्चीची बैठक सैल विणली जाते.) ती तुमच्याकडे आली तेव्हा एक मोठी गोष्ट रंगात आली होती. एका सेनापतीने एका गावाला वेढा घातला होता. गावात एक मास्तरीणबाई, धान्य संपत आलं तरी रोज शाळा भरवणारी. एक लंगडं बदक, ते आतबाहेर निरोप पोचवायचं, कारण बदकावर कोणी बंदूक रोखत नाही. आणि सेनापतीच्या फौजेत एक तंबूवाला.

या तंबूवाल्यावर माझा फार जीव. तो प्रत्येक खुंटीची गाठ बांधून झाली की पुन्हा ओढून बघायचा, मग अंथरुणात पडल्यावर आठवण होऊन परत उठायचा. अनोळखी विहिरीचं पाणी प्यायचा नाही. चपला चोरीला जातील म्हणून उशाशी घ्यायचा. सेनापती पुढच्या महिन्यातल्या लढाईची चिंता करायचा, आणि हा त्याच्या पुढच्या महिन्यातल्या पावसाची. सगळी फौज त्याला हसायची. मीसुद्धा वेत खाली ठेवून हसायचो, म्हणायचो, काय भित्रा माणूस आहे हा. ती मान डोलवायची आणि भाजी निवडत राहायची.

तर वेढा उठला, तंबूवाल्याला घरी जायची परवानगी मिळाली. तो वाटेतल्या नदीपाशी आला आणि नावाड्याला विचारू लागला, नाव बुडणार नाही ना, तळ कधी तपासला, मागच्या खेपेला कोण कोण पलीकडे पोचलं. नावाडी वैतागला. इतक्यात फोन वाजला, तुम्ही स्टुलावरून पडल्याचा. सकाळी ती पिशवी भरून निघाली. तेव्हापासून तो माणूस काठावर उभा आहे.

फोनवर विचारावं म्हटलं, तर फोनवर ती मला बोलू देत नाही. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, दाराला आतून कडी लावता ना, हे आधी. एकदा मी मध्येच घुसवलं, मग पुढे काय झालं? तिने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मी म्हटलं, ते नव्हे, त्याच्या आधीचं. तर तुम्ही स्टुलावरून कसे पडलात ते तिने पहिल्यापासून सांगितलं. आता तुम्ही शेजारच्या खाटेवर कान देऊन पडलेले असताना या वयाच्या माणसाने मला गोष्ट सांग असं कसं म्हणावं? तेव्हा ठरवलं, पुस्तक आणून आपणच पुढचं वाचायचं.

वाचनालयात मी पूर्वी फक्त विणलेल्या खुर्च्या पोचवायला गेलो होतो, तेही मागच्या दाराने. या वेळी पुढून गेलो. तिथल्या ग्रंथपालबाई आपल्या मुलीच्या वयाच्या आहेत, बोलताना हातात शिक्का धरून बोलतात, त्यामुळे आता तो आपल्यावरच उमटवतील असं वाटत राहतं. मी म्हटलं, वेढ्याचं, मास्तरीणबाईंचं आणि बदकाचं पुस्तक द्या. त्या म्हणाल्या, काका, तिन्हीपैकी कुठलं? मी म्हटलं, एकच आहे. त्यांनी शिक्का खाली ठेवला.

या वाचनालयात एक अजब नियम आहे. सभासदाने एका वेळी तीन पुस्तकं न्यायची, एक कादंबरी, एक इतिहासाचं आणि एक मुलांच्या गोष्टींचं. नुसत्या कादंबऱ्या मिळत नाहीत. लोक त्याच उचलतात आणि बाकीची कपाटं वाळवी खाते, म्हणून पूर्वीच्या कोण्या चिटणिसांनी हे करून ठेवलं. बहुतेक सभासद नको असलेली दोन पुस्तकं घरी नेऊन पलंगाखाली ठेवतात आणि तशीच परत करतात. ती वाचणारी तुमची ताई एकटीच, म्हणून तिने शेवटी काय नेलं होतं ते बाईंच्या लक्षात होतं. वाचून परत केलेली ती तिन्ही त्यांनी काढून माझ्यापुढे ठेवली. मास्तरीणबाई एकात, सेनापती दुसऱ्यात, बदक तिसऱ्यात. कोणाचा कोणाशी काही संबंध नाही. मी पुठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवून पाहिलं, जाडीसुद्धा सारखी नाही.

वाचायला घेतली तर त्रास वेगळाच. मला मनात वाचता येत नाही, ओठ हलले की आवाज निघतो. वाचनालयात भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं आहे, ते मी मोठ्याने वाचलं तेव्हाच सगळ्यांनी वर पाहिलं. बाईंनी मला मुलांच्या खोलीत बसवलं, तिथल्या एका स्टुलावर. (स्टूल मी आधी हलवून पाहिलं.) मुलांच्या पुस्तकाची अक्षरं इतकी मोठी की कोणीतरी आपल्यावर ओरडतंय असं वाटतं. इतिहासाच्या पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक अक्षरं होती, ती मी कुजबुजून वाचली, कारण सेनापतीने गुपचूप सांगितलेली गोष्ट असणार असं वाटलं. पुढे कळलं की ती कुठल्या कागदपत्रांतून काय घेतलं त्याची माहिती आहे, पण सवय लागली होती. कादंबरीतल्या मास्तरीणबाई चार पानं नुसत्या खिडकीतून बघतात. तुमच्या ताईने त्यांना कधी इतकं बसू दिलं नव्हतं, ती त्यांना लगेच उठवून फळ्यापाशी न्यायची.

बदकाचं मी वाचत होतो तेव्हा मुलं जमली. वाचता वाचता माझ्या तोंडून सवयीने सेनापती आला. एक चिमुरडी म्हणाली, आजोबा, बदकाच्या गोष्टीत सेनापती नाही. मी म्हटलं, आहे, तुमच्या पुस्तकात छापायचा राहिलाय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सेनापती हवा होता, छापलेलं बदक कोणी ऐकेना. बाईंनी मला तिथूनही उठवलं आणि कपाटांच्या मागे, झाडू ठेवतात त्या कोपऱ्यात बसवलं. तिथे मी तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तंबूवाला कुठेच नाही.

मी तक्रार केली. इतिहासाच्या पुस्तकातली पानं कोणीतरी फाडली आहेत असं ठासून सांगितलं. बाईंनी पानांचे आकडे मोजून दाखवले, सगळे जागेवर. मी म्हटलं, मग कादंबरीतली. तीही जागेवर. मग त्या जरा नरमल्या आणि म्हणाल्या, काका, हा तंबूवाला होता तरी कसा? मी सांगितलं. गाठी पुन्हा ओढून बघणं सांगितलं, विहिरीचं पाणी सांगितलं, उशाशी चपला सांगितल्या. सांगता सांगता शेजारचं कपाट नीट लागलंय का म्हणून मी त्याचं दार ओढून पाहिलं. (लागलेलं होतं. पुन्हा एकदा पाहिलं.) बाईंनी माझ्या हातातल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या,

"काका, हे गृहस्थ कुठल्याच पुस्तकात नाहीत. हे आमच्या कपाटाचं दार ओढतायत."

मला तिथे काही कळलं नाही. घरी येऊन आतून कडी लावून झाल्यावर, ती ओढून बघताना कळलं, आणि हात कडीवरच राहिला. आधी राग आला. इतके दिवस तुमची ताई मला माझ्यावरच हसवत होती, आणि मी मूर्ख वेत खाली ठेवून हसत होतो. मग दुसरंच आठवलं. गोष्टीत वादळं पुष्कळ यायची. दुसऱ्यांनी बांधलेला सेनापतीचा तंबू उडायचा, तोफा चिखलात जायच्या, गावातली छपरं जायची. आणि प्रत्येक वादळानंतर ती न चुकता सांगायची, मी विचारलेलं नसताना, की तंबूवाल्याने बांधलेला एकही तंबू पडला नाही. हे सांगताना तिचे भाजी निवडणारे हात थांबायचे. मला वाटायचं, भाजी संपली असेल.

त्या संध्याकाळी वेत बादलीतच राहिला. पाणी तपकिरी झालं.

पुढे मी आणखी तीन पुस्तकं आणली. एक कादंबरी, दीपगृहावर राहणाऱ्या दोन भावांची. एक मिठाच्या व्यापाराचा इतिहास. एक अंधाराला घाबरणाऱ्या अस्वलाची गोष्ट. म्हटलं, आपणही जोडून बघू. विणायला बसलो आणि स्वतःलाच सांगू लागलो. अस्वल काही केल्या मिठात जाईना. दीपगृहावर चढवलं तर तिथे उजेड, मग ते घाबरणार कशाला? तिला हे कसं जमतं ते तिलाच माहीत. पण पुस्तकं वाईट नाहीत हे कबूल करतो. धाकटा भाऊ दिवा लावायला एकटाच वर जातो ते पान मी पुन्हा वाचलं, आणि मिठासाठी लोक कुठून कुठे चालत गेले ते वाचून डाळीत मीठ जपून घातलं. अस्वलाचं तर मी ग्रंथपालबाईंना परतच दिलेलं नाही. मला वाचनाची गोडी लागली हे तिला सांगू नका. मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणेल. (म्हणू दे. इथे येऊन म्हणू दे.)

घर तसं ठीक आहे. तिची खुर्ची मी विणून ताणून ठेवली आहे, तिच्यावर कोणाला बसू देत नाही, बसायला कोणी येतही नाही. संध्याकाळी भाजी मीच निवडतो, पण गप्प बसून निवडली की ती फार लवकर निवडून होते.

तुमच्या पायाला आराम पडो, आणि तोही भरभर पडो, एवढं मागून थांबतो.

तुमचा,
मेहुणा

ता. क. मूळ कारण लिहायचं राहिलं. आमच्या गल्लीतला शिंपी तुमच्या गावी लग्नाला आला होता. त्याने तुम्हाला काठी न घेता न्हाव्याकडे चालत जाताना पाहिलं, आणि चाल चांगली होती असं म्हणाला. शिंप्याची नजर मापाची असते. तेव्हा पाय बरा असेल तर तसं ताईला सांगावं. तुम्ही सांगितल्याशिवाय ती निघायची नाही.

आणखी ता. क. परवा फोनवर ती गोळीचं विचारत असताना मागून तुमचा आवाज आला, "ताई, मग बदक पोचलं का?" मी ऐकलं. त्याबद्दल काही म्हणायचं नाही, आजारी माणसाचीही करमणूक व्हायला हवी. ती गोष्ट तुमच्या पायाला उपयोगी पडत असेल तर हवे तितके दिवस ऐका, वरचा ता. क. खोडला समजा. बदक घ्या, मास्तरीणबाई घ्या, सेनापती घ्या. तंबूवाल्याला मात्र माझ्या माघारी नावेत बसवू नका. हे हात जोडून लिहितो आहे.

शेवटचा ता. क. पत्र टाकायला निघालो. पोस्टातला कारकून म्हणाला, पोचायला चार दिवस तरी लागतील. पलीकडे एसटी उभी होती. वाहकाला विचारलं, ब्रेक कधी तपासले, चालक झोपलेला आहे का जागा, वाटेतला पूल कसा आहे. तो म्हणाला, आजोबा, बसा नाहीतर उतरा. मी बसलो आहे. अक्षर हलतंय ते त्यामुळे. घराला कुलूप लावलं आहे, ओढून बघितलं आहे, परत जाऊन बघायचं मनात आलं तेवढ्यात गाडी सुटली. हे पत्र आता मीच तुमच्या हातात देणार, तेव्हा तुम्ही वाचत असाल तेव्हा मी समोर उभा असेन. वाचून होईपर्यंत माझ्याकडे बघू नका. आणि ती आतून येऊन विचारेल हे कशाला आले, तर सांगा, पायाची चौकशी करायला आलेत.