बरं आहे, म्हणजे?

प्रिय ताई,

काल फोनवर तू "जरा सांभाळून घे गं" म्हणालीस आणि मी "बघते" म्हणून फोन ठेवला. बघून झालं. नाही घेणार सांभाळून. समोर येऊन सांगायचं धाडस नव्हतं असं नाही, पण तुझ्या जिभेवर साखर आहे आणि समोर बसले की मी विरघळते, म्हणून कागद घेतला. हे वाचताना तुला मधेच तोडता येणार नाही, तेवढाच माझा फायदा.

लग्न होऊन आले तेव्हा मी बँकेत तक्रारींच्या फोनवर बसायचे. नणंदेच्या नावाने मैत्रिणींनी मला एवढं घाबरवलं होतं, आणि तू पहिल्याच दिवशी अहोजाहो बंद करायला लावलंस. तुझं काम काय ते मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. लोकांच्या घरी जायचं, ते फोन आणि मशिनं कशी वापरतात, कुठे अडतात ते बघत बसायचं, आणि याचा पगार मिळतो? मला ती शुद्ध चैन वाटायची. एकदा तू माझं फोनवरचं बोलणं ऐकलंस आणि म्हणालीस, "तू ऐकतेस चांगलं. फक्त ऐकून झालं की लगेच उत्तर देतेस. ती खोड मोड, मग तुला माझ्याकडे घेते." आणि मला एकच शब्द दिलास, म्हणजे. माणूस "छान आहे" म्हणाला की विचारायचं, "म्हणजे?" आणि मग गप्प बसायचं, जीव गेला तरी.

पहिला प्रयोग तुझ्या भावावरच केला. भाजी कशी झाली? छान. छान म्हणजे? बराच वेळ पोळीशी खेळून शेवटी म्हणाला, "म्हणजे मीठ नाहीये." घरात त्या शब्दाने मी एवढा उच्छाद मांडला की आईंनी मला काही विचारायचंच सोडलं. तू मात्र हसायचीस. मग खरंच मला तुझ्याकडे कामाला घेतलंस, आणि रोज कामावरून येताना बसमध्ये तू माझ्या मुलाखती उलगडून दाखवायचीस, इथे तू घाई केलीस, इथे बाई रडवेली झाली होती आणि तू पुढच्या प्रश्नावर उडी मारलीस. कान उपटायचीस, पण एकटीला गाठून. चारचौघांत "ही माझ्यापेक्षा बरं ऐकते" म्हणायचीस. तेव्हापासून मी तुझी आहे.

आता त्या पानाबद्दल, जे तुला आणि मोठ्या साहेबांना अहवालात डोळ्यांसमोर नको आहे. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटला आपलं अ‍ॅप, सध्या चाचणीपुरतं, रोज सकाळी विचारतं, "कसं वाटतंय?" खाली दोन बटणं, "बरं आहे" आणि "त्रास होतोय". "बरं आहे" दाबलं की त्या दिवशीची नर्सची फेरी रद्द. जवळजवळ सगळे "बरं आहे" दाबतात, म्हणून साहेब खूश. मी ज्या निवृत्त बसड्रायव्हरकडे गेले होते, त्यांचा फोन माझ्यासमोरच वाजला. त्यांनी चष्मा लावला, "बरं आहे" दाबलं, फोन उशीखाली सारला आणि भिंतीला धरून उठायला लागले. पहिल्यांदा जमलंच नाही. मी विचारलं, "बरं आहे म्हणजे, काका?" तर मलाच वेड्यात काढलं. "म्हणजे काय म्हणजे? कुणी कसं आहे विचारलं की बरं आहेच म्हणायचं असतं. त्या पोरीला कशाला उगाच तीन जिने चढायला लावायचे?" सदऱ्याखाली पट्टी ओली होती. काम करताना मधे पडायचं नाही हा तुझाच नियम, पण मी त्यांच्यासमोरच नर्सला फोन लावला. त्यावरून रागव हवं तर.

मग मी सगळ्यांना तेच विचारत सुटले. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, त्रास होतोय दाबलं तर सून रजा टाकेल. एक मास्तर म्हणाले, तक्रार करायची आमच्यात रीत नाही. ताई, आपण आजाराची चौकशी करतोय असं आपल्याला वाटलं आणि लोक आपल्याला रामराम घालत होते. मरणाच्या दारातला माणूससुद्धा "कसं काय" म्हटल्यावर "बरं आहे" म्हणतो, हे आपल्याला बटण करताना सुचू नये? जखम ओली आहे का, रात्री झोप लागली का, असं सरळ विचारा आणि एका बटणावर फेरी रद्द करू नका, एवढंच त्या पानावर आहे. साहेब म्हणतात, लोक स्वतः बरं म्हणतात तर आपण कोण शंका घेणार? आणि तू म्हणतेस, पान काढू नकोस, फक्त शेवटी टाक, बारीक अक्षरात. शेवटचं पान कोण वाचतं ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तुझी भीती खोटी नाही. अ‍ॅप सगळीकडे सुरू व्हायचं लांबलं तर तुझा विभाग आधी बंद होईल, तुझ्या हाताखालची माणसं घरी बसतील. माझं कंत्राट तर गेल्यातच जमा आहे, साहेबांनी आडून आडून सांगितलंच. मला भीती वाटते. राग त्याहून जास्त येतो, आणि तुझा जास्त येतो, कारण साहेबांना कुणी शिकवलं नव्हतं, मला तू शिकवलंस. मी काल विचारायला हवं होतं, सांभाळून घे म्हणजे कुणाला? त्या काकांना, की साहेबांना?

उद्या सकाळी बैठक आहे. ते पान मी पहिलं ठेवलं आहे, मोठ्या अक्षरात. संध्याकाळी साहेबांच्या केबिनमधून निरोप आला की अहवालावरचं ताईंचं नाव काढा, त्यांचीच तशी इच्छा आहे. मी काढलं नाही. आधी तुझं नाव आहे, त्याखाली माझं. हे पत्र त्यासाठीच, की उद्या तुला ते पडद्यावर अचानक दिसू नये. काढायचंच असेल तर निरोप चालणार नाही. बैठकीत ये, सगळ्यांच्या देखत उभी राहा आणि म्हण की हे मी हिला शिकवलेलं नाही. तू तसं म्हणालीस तर मी तिथल्या तिथे खोडेन.

तुझीच,
ऐकून न ऐकणारी भावजय