चिंचेने घासलेलं बॉनेट

बुधवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं की दादाच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर पूजेच्या कुंकवाचा डाग उरलाय. ते चूक. कुंकू गेलं. उरलेत ते चरे. देवाची तांब्याची भांडी घासते तसंच आईने चिंच-मीठ लावून काथ्याने बॉनेट घासलं. मलाही भांडी घासायला तिनेच शिकवलं, मग चरे पडलेत हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?

दुपारी खोबरेल तेल चोळून पाहिलं. चरे दिसेनासे झाले. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून गोदामाचे ट्रक गेले आणि तेलावर धूळ बसली. पुसलं, तर चरे पुन्हा तसेच.

आईला ते दिसतच नाहीत. मोतीबिंदू आहे, पण मान्य करत नाही. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, कशी चमकते हाय! दादूस म्हनंल, शोरूमला नेलीवती का काय!" मी नुसतं "हो" म्हटलं. का म्हटलं?

"आता दरवाजं ऱ्हायलं. शनवारी घासू दोघी."

दादा रविवारी सुरतहून येतोय. ओरडेल? की गप्प बसेल? गप्प बसला तर तिला जास्तच लागेल. आणि चरे दाखवायचे, तर आधी म्हणावं लागेल की आई, तुला दिसत नाही. तेच माझ्याने होत नाही.

उद्या गुरुवार, तिचा उपास. उपाशीपोटी सांगणं नको. शनिवारपर्यंत थांबले तर दरवाजेही जातील. म्हणजे शुक्रवारी, दुपारची जेवणं झाली की.