होळीआधी उचललेली घोंगडी

शनिवार, संध्याकाळ. होळीला अजून आठ दिवस.

सकाळी धुकं, दुपारी चटका, चारला आभाळ भरून आलं आणि वारा एकदम पडला. आठवडाभर हेच. आज दुपारी मी वैतागले. म्हटलं, गेली एकदाची थंडी. पेटीत ठेवायच्या आधी मामंजींची घोंगडी अंगणात उन्हात पसरली. म्हसा गावच्या जत्रेतून त्यांनी स्वतः पारखून आणलेली. दिवाळीत ते गेले, तेव्हापासून त्यांच्या खाटेवरच होती.

आमच्याकडे होळी पेटल्याशिवाय घोंगडी पेटीत जात नाही. सासूबाई म्हणाल्याही, "होळी होऊं दे गो. त्यांना थंडी सोसत नाय."

सोसत नाय! अजून? मी ऐकलं नाही.

आभाळ आलं तशी धावत सगळं आत घेतलं. दोरीवरचे कपडे गार, दमट. घोंगडीच्या कडाही गार. मधे मात्र ऊब, माणूस झोपेल तेवढ्याच जागेत. लोकर ऊब धरून ठेवते, कळतं मला. पण फक्त मधेच?

तरी घडी घातली, कडुलिंबाचा पाला टाकला, कडी लावली.  सासूबाई रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या.

आता कडाक्याची थंडी पडलीय. बोटं वळत नाहीत. ही वही त्याच पेटीवर ठेवून लिहितेय. पत्र्याचं झाकण गार लागायला हवं. आणि मघापासून मी हात शेकायला त्याच्यावरच टेकवतेय, हे आत्ता लक्षात आलं.