गाडी नव्हे, अ‍ॅसेट

४ मार्च, सकाळी ७.१५

आली. लाल. दोन दारांची. जपानी स्पोर्ट्स कार. वय वर्षं एकवीस. मीटर ४२,३०७ किलोमीटर.

विमा कंपनीच्या क्लेम विभागात बावीस वर्षं मी लोकांच्या वस्तूंचा घसारा काढतोय. जळलेला फ्रिज, चेपलेली स्कूटर, भिजलेला सोफा. प्रत्येकाला हसतमुखाने सांगतो की तुमची वस्तू तुम्हाला वाटते तेवढ्या किमतीची राहिलेली नाही. आज पहिल्यांदा माझ्या दारात अशी वस्तू उभी आहे जिचा भाव दिवसागणिक चढतो. शेजारच्या टेबलावर चार्टमास्तर बसतो. त्याच्या मोबाइलवर कायम कसला ना कसला आलेख असतो, म्हणून हे नाव. त्याच्या आलेखात या मॉडेलची रेघ पाच वर्षांत दुप्पट उंच गेली आहे. मी ती रेघ जेवणाच्या सुट्टीत तीनदा पाहिली.

विकणारा स्वतः चालवत घेऊन आला. मीच तसं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मालकाने शेजारी बसून निरीक्षण करावं.

घरात नियम केला: तिला कुणीही गाडी म्हणायचं नाही, अ‍ॅसेट म्हणायचं. बायकोने तासाभरात तिचं नाव सवत ठेवलं.

५ मार्च

विकलेली जुनी, बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी आज गेली. अठरा वर्षं इमानेइतबारे चालली, पण घसारा म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळावं. तिचे पैसे आधीच आले होते, त्यात थोडी भर घातली होती. बायको शाळेत गणित शिकवते. तिने ‘थोडी’ म्हणजे किती, एवढंच विचारलं. विषय बदलला. मग विचारलं, आता बाजारहाट कशाने? म्हटलं, बसने. चालणंही होईल.

७ मार्च, रविवार

मोठा शोध! बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा बॅज आहे. पानाच्या आकाराचा. अर्धं पान पिवळं, अर्धं हिरवं. चार्टमास्तरने पाठवलेल्या एकाही फोटोत असा बॅज नाही. एकाही! याचा अर्थ उघड आहे. लिमिटेड एडिशन. आजपासून अधिकृत नाव: लीफ एडिशन.

इंटरनेटवर मुद्दाम शोधलं नाही. आपण काय शोधतो ते बाजाराला कळतं.

८ मार्च

चार्टमास्तरने खुसपट काढलं. म्हणे आलेखातल्या गाडीच्या मागे ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, तुझ्या फोटोत दिसत नाही. म्हटलं, अरे, दोन अक्षरांनी काय होतंय? दिसायला सेम टू सेम. त्याला मत्सर वाटतोय. साहजिक आहे.

२२ मार्च

आनंदाची बातमी. लेक जनावरांची डॉक्टर झाली, तेव्हाच मला वाटलं होतं की पोरगी नाव काढणार. नोकरी लागली. लांब, डोंगरातल्या दवाखान्यात. एक सप्टेंबरला हजर व्हायचं. गावोगाव फिरायला जीप मिळणार, गिअरवाली. अट एकच, ड्रायव्हिंग लायसन्स हवं. लायसन्स नाही तर नोकरी नाही.

बायको म्हणाली, क्लास लावू या. मी म्हणालो, बाप घरात असताना क्लास? मी शिकवतो. लेक इतकी खूश झाली की तिने गळ्यात हात टाकले. दहावीनंतर पहिल्यांदाच. 

२४ मार्च, सकाळी ६.००

लेक उठायच्या आत एकटाच खाली गेलो. फक्त इंजिन गरम करायला. गेटपर्यंत नेऊन परत आणावी, एवढाच विचार. चार वेळा बंद पडली. जपानी क्लच फार मानी असतो. ऑटोमॅटिकची अठरा वर्षं सवय, त्यामुळे डावा पाय जरा निवृत्त झालाय, इतकंच. वॉचमनने विचारलं, साहेब, ढकलू का? त्याच्या आवाजात सहानुभूती होती. आवडलं नाही.

७.००: यावर शांतपणे विचार केला. बंद पडण्याचा प्रश्नच नाही, मुळात चालवायचीच कशाला? जुन्या गाड्या जमवणारी कलेक्टर मंडळी आधी मीटर बघतात. प्रत्येक किलोमीटरमागे भाव उतरतो. म्हणजे न चालवणं हीच कमाई. हा मुद्दा इतका साधा असून मला आधी कसा सुचला नाही?

नवा नियम: अ‍ॅसेट हलवायचं नाही.

११ एप्रिल, रविवार

लेकीने विचारलं, बाबा, आज सुरुवात करू या का? सांगितलं, आधी थिअरी. पाया पक्का हवा.

डायनिंग टेबलाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून काढून शेजारी लावल्या. गिअरचा दांडा म्हणून छत्री. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर म्हणून तीन चपला. दीड तास शिकवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. तिने विचारलं, रिव्हर्स कुठे असतो? छत्री डावीकडे नेली, उजवीकडे नेली. मग सांगितलं, रिव्हर्स शेवटी शिकवतात.

बायको पेपर तपासत होती. तिने मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

९ मे, रविवार

थिअरी, चौथा तास. लेक म्हणाली, बाबा, खुर्चीला क्लच नसतो. म्हटलं, कल्पनाशक्ती वाढव. तिने चप्पल पायात घातली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. अ‍ॅक्सिलरेटर घेऊन गेली.

भाव: वर.

३ जून

टायर एकाच जागी चपटे पडतात असं वाचलं. उपाय शोधला. इग्निशन बंद ठेवून गाडी ढकलली तर मीटर फिरत नाही! हे माझं स्वतःचं संशोधन. आता रोज संध्याकाळी अर्धं चाक पुढे, अर्धं चाक मागे. बायकोने स्टिअरिंग धरायचं. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, पंचवीस वर्षांत मला कधी अर्धं चाक तरी फिरवलंत का? ढकलताना बोलू नये, दम लागतो.

पान रोज मऊ फडक्याने पुसतो. कडेकडेने. बॅजला हात लावायचा नाही.

१४ जून

कळलं ते बायकोकडून. लेकीने महिनाभरापूर्वीच ड्रायव्हिंग स्कूल लावलंय. सकाळी साडेसहाला. मला वाटायचं फिरायला जाते.

तिला विचारलं तर म्हणाली, बाबा, तुमच्या अ‍ॅसेटला त्रास नको म्हणून. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

असो. तिकडे पटकन जमतंय म्हणे. थिअरी पक्की होती ना.

१९ जुलै

बॅटरी उतरली. चांगलंच झालं, आता चुकूनही कुणी सुरू करू शकणार नाही.

चार्टमास्तर म्हणतो, रेघ शिखरावर आहे, आत्ताच मूल्यांकन करून घे. जुन्या जपानी गाड्यांचं मूल्यांकन करणाऱ्या बाई आहेत, सहा वर्षं जपानमध्येच होत्या. एकवीस ऑगस्टची वेळ मिळाली. लीफ एडिशनचे वरचे तीस टक्के मी गृहीत धरतोय. कमीत कमी.

बायकोला सांगितलं, आकडा ऐकून तोंडात बोट घालशील. ती म्हणाली, हात धुऊन येते.

२ ऑगस्ट

लेक टेस्ट पास! पहिल्याच फटक्यात. उतारावर थांबवून, मागे न घसरता चढवली म्हणे. इन्स्पेक्टरने शाबासकी दिली. ऑफिसात सगळ्यांना पेढ्यांऐवजी माहिती वाटली की शिकवणारा कोण.

८ ऑगस्ट, रविवार

लेक सकाळी जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, जायच्या आधी एकदा आपण दोघंच तुमच्या गाडीतून चक्कर मारू या. मी चालवीन. किंवा तुम्ही चालवा, मी नुसती बसते.

एक चक्कर म्हणजे किमान सहा किलोमीटर. आणि मूल्यांकन तेरा दिवसांवर. समजावून सांगितलं. विकली गेली की त्या पैशांत तुला हवं ते घेऊ, असंही म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली. अगदी आईसारखं ‘बरं’. मला हा स्वर पंचवीस वर्षं ओळखीचा आहे. त्यानंतर काही बोलून उपयोग नसतो.

दिवसभर चैन पडलं नाही. हवामान दमट आहे.

२१ ऑगस्ट, सकाळी ९.३०

घोटाळा. नवी बॅटरी बसवली, गाडी वाहून न्यायला ट्रक सांगितला होता, तो आलाच नाही. अंतर नऊ किलोमीटर. चालवत न्यावी लागणार. लेक म्हणाली, सोबत येते. मी कॉलर ताठ करून स्टिअरिंगवर बसलो.

त्याच दिवशी, दुपारी ४.००

सगळं लिहून ठेवायचं म्हणतोय. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

गेटमध्ये दोनदा. चौकात एकदा. पुलाच्या चढावर सिग्नल लागला आणि तिथे पाच वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी थोडी थोडी मागे. मागच्या बसचा ड्रायव्हर उतरून काचेपाशी आला आणि म्हणाला, काका, उतरता का, मी चढवून देतो. सौजन्य मला आयुष्यात कधी इतकं लागलं नव्हतं. लेक हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही इकडे या. मी तिकडे गेलो. तिने एका दमात चढवली. छान चालवते. पुढचे सात किलोमीटर मी मीटरकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघत होतो. केव्हा एवढी मोठी झाली कोण जाणे.

मूल्यांकनवाल्या बाईंनी भोवती एक फेरी मारली. मी लीफ एडिशनचा विषय काढला. बाईंनी नख घातलं आणि पान उचललं. चक्क उचललं. मॅग्नेट होतं. म्हणाल्या, जपानमध्ये नवीन लायसन्स मिळालं की वर्षभर हे लावावं लागतं. नवशिक्याची खूण. पुढचा माणूस नवशिका आहे, सांभाळून घ्या, असा अर्थ. पूर्वीचा कुणी मालक काढायचं विसरला असेल.

पानाखाली पानाच्याच आकाराचा गडद लाल डाग निघाला. बाकी सगळी गाडी विटलेली. मी रोज बघत होतो, मला एकसारखी लाल वाटायची.

भाव? आलेखातली ती टर्बो. ही तिची साधी बहीण, हिला कुणी विचारत नाही. शिवाय उभी राहून राहून टायर चिरलेत, रबरं वाळलीत. बाई म्हणाल्या, रोज थोडी फिरवली असती तर हे झालं नसतं. मग त्यांनी कागदावर आकडा लिहिला, मी घेतली त्यापेक्षा बराच कमी, आणि त्याच्यासमोर ‘घसारा’ असं लिहिलं. माझा शब्द. माझ्यासारखंच हसून.

लेकीने विचारलं, घरी जाताना कोण चालवणार? मी किल्ली तिच्याकडे दिली.

बायकोला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तिने जेवायला वाढलं आणि म्हणाली, सवतीला पण होतो म्हणायचा घसारा. मग मात्र हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

२९ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०.४०

लेक गेली.

बस स्टँडपर्यंत तीच चालवत आली. बायको घरूनच निरोप देऊन आत गेली, तिला बस सुटताना बघवत नाही. पाच किलोमीटर. आम्ही दोघंच. मी बरंच बोलायचं ठरवलं होतं. टायरमधल्या हवेबद्दल बोललो. तिने भिंतीकडे तोंड करून गाडी लावली, बॅग काढली, पाया पडली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून हात हलवत राहिली. मी बस वळेपर्यंत उभा होतो, वळल्यावरही होतो.

मग गाडीत येऊन बसलो. समोर भिंत. मागे घ्यायची तर रिव्हर्स. दांडा डावीकडे ढकलला, उजवीकडे ढकलला, खाली दाबला. सहा महिने ही गाडी माझी आहे आणि तिचा रिव्हर्स कुठे आहे ते मला माहीत नाही. वीस मिनिटं गेली. शेवटी फोन केला. बस घाटात शिरत होती, आवाज तुटत होता. ती म्हणाली, बाबा, दांड्याला खाली एक रिंग आहे, ती वर उचला, मग डावीकडे नेऊन पुढे. आणि म्हणाली, रिव्हर्स शेवटी शिकवतात ना.

तिने फोन चालूच ठेवला. क्लच हळू सोडा, बाबा. अजून हळू. गाडी मागे आली. बंद न पडता. मी एवढंच सांगितलं की जमलं. बाकीचं सांगेपर्यंत रेंज गेली.

उतरून मागे पाहिलं तर डिकीवर ते पिवळं-हिरवं पान लावलेलं. तिनेच लावलं असणार. काढलं नाही. येताना तीनदा बंद पडली, पण कुणी हॉर्न वाजवला नाही.

आजचं मीटर: ४२,३३५. त्यातले लेकीबरोबरचे: तेवीस.

बाकीचे, जे झाले असते ते, सगळे मी वाचवले.