फ्रिजच्या मागं ठेवलेला हात

प्रिय अब्बा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. आज कॉलेजात तुमच्याबद्दल एकदाचं खरं बोलले. ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला नको का?

वैजापूरच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णतेच्या नियमांचा, धडा सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी कविता बीएस्सी सोडते म्हणाली. कांदा पिकवणाऱ्या घरातली, हुशार मुलगी. "मॅडम, तुमच्या घरात सगळे शिकलेले. आम्हाला ह्ये नाय जमत."

शिकलेले! ही समजूत मीच पसरवली, अब्बा. इथं सगळ्यांना सांगितलं, वडील इंजिनियर होते. छावणी भागातलं तुमचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान, तुमची सातवी, सगळं गाळून टाकलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नुसते हसला असतात. त्याचाच जास्त त्रास होतो.

स्टाफरूम रिकामी होती. कविताला तिथल्या फ्रिजपाशी नेलं आणि आपला मे महिन्यातला किस्सा सांगितला. आठवतो ना? मी बारावीत, तुम्ही तापानं पडलेले. मी खिडक्या लावल्या आणि फ्रिजचं दार सताड उघडं ठेवलं, म्हटलं खोली गार होईल. तासाभरात भट्टी झाली! तुम्ही घामानं निथळत होतात, तरी मला थांबवलं का नाही हो? वर म्हणालात, "पोरगी डोकं लावतीय, बघू म्हणलं."

मग उठलात आणि माझा हात फ्रिजच्या मागं ठेवलात. "बेटा, थंडी कुठून आणायची? मशीन आतली गरमी उचलून मागं फेकतंय. वर विजेची गरमी त्यातच. सगळी तुझ्याच खोलीत."

पहिला नियम हाच, कविताला म्हटलं. ऊर्जा नव्यानं येत नाही, नाहीशी होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलते. दुसरा त्याच्या शेजारीच: उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते, उलटी न्यायची तर मोटर राबवावी लागते. अजून गार करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना तुम्ही सांगायचात, जितकं गार कराल तितकं उरलेली गरमी काढणं अवघड. तिसरा नियम त्याच्या टोकाला जाऊन सांगतो की अगदी शेवटची गरमी कधीच काढून संपत नाही.

कविता बराच वेळ फ्रिजच्या मागं हात धरून उभी होती. मग म्हणाली, कांदाचाळीला खालून फटी त्यासाठीच ठेवतात. ढिगात कांदा स्वतःच तापतो, वारा ती गरमी बाहेर नेतो, फटी बुजल्या की माल सडतो. मी तर थक्क झाले! हे उदाहरण मला सुचलं नसतं.

आणि तिनं विचारलं, "तुमचे वडील कोणत्या कंपनीत इंजिनियर होते?"

या वेळी खरं सांगितलं, "इंजिनियर नव्हते. फ्रिज दुरुस्त करायचे. सातवी शिकलेले."

ती वही उघडत म्हणाली, "मग मला जमंल."

तुमच्याबद्दल खोटं बोलून मी काय कमावलं, अब्बा? खरं बोलून एक पोरगी वर्गात राहिली.

माफी मागायला उशीर झाला, म्हणून शब्द देते. उद्या स्टाफरूम भरलेली असेल. तिथंही सांगेन, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता.

तुमची,
नसरीन