बाळकुमची तिसरी खोली

मी, रतन कुंडलिक भोईर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार भोईर चाळ, बाळकुम, ठाणे, आज हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझे डोके शाबूत आहे. कमरेचे हाड मोडल्यापासून काठी लागते, पण काठीचा बुद्धीशी काही संबंध नाही, असे डॉ. सुमतीबाईंनी मला तपासून लिहून दिले आहे. मी कोणाच्या दबावाखाली नाही. मी सातवीपर्यंत शिकले. मी सांगते आहे आणि कोपरीच्या अॅड. हेमांगी साठे लिहीत आहेत. कायद्याची भाषा त्यांनी घालावी, पण माझे बोलणे गाळू नये, असे मी त्यांना बजावले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी मिळकत अशी: राहते घर, त्याला लागून पाच खोल्यांची चाळ, आणि आमच्या व पुतण्याच्या घरामधली मोकळी पट्टी. हे सर्व माझे पती कै. कुंडलिक यांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावावर केले, त्यामुळे ते कोणाला द्यावे हे ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

आमची भातशेतीही होती. ती गेली. तिथे आता टॉवर आहेत आणि फाटकावरचा वॉचमन मला विचारतो, "किससे मिलना है?" मला कोणाला भेटायचे नसते, मी नुसती बघायला जाते. शेतामागोमाग कुंडलिक कामाला होते ती कंपनीही बंद पडली. तेव्हा उरलेल्या जागेवर त्यांनी स्वतः विटा रचून या खोल्या बांधल्या. भाडेकरू आले. आधी साताऱ्याकडचे, मग रत्नागिरीचे, मग आझमगडचे, मग बंगालचे. जो आधी आला तो मागून येणाऱ्याची माझ्याकडे तक्रार करायचा, की हे लोक फार वाढलेत. मी ऐकून घ्यायचे. सगळ्यांच्या आधीची तर मीच होते. पण त्यांच्या भाड्यावर माझी चूल पेटली आणि विनीत इंजिनियर झाला, हेही मी विसरलेले नाही.

२. राहते घर आणि चाळीच्या खोल्या क्रमांक एक, दोन, चार व पाच मी माझा एकुलता मुलगा चि. विनीत यास देते. तो घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर राहतो. चाळीचे उद्या डेव्हलपमेंट झाले तर या चार खोल्यांपोटी जे मिळेल ते त्याचे. जे भाडेकरू तेव्हा राहत असतील त्यांना दुसरी जागा बघायला पुरेसा वेळ द्यावा. रविवारी येऊन सोमवारी खाली करा म्हणू नये.

३. सूनबाई सौ. रुचिता हिला माझी गळ्यातली सोन्याची माळ आणि पाटल्या. हाड मोडले तेव्हा ट्रॅफिकमधून दर शनिवारी येऊन तिने मला न्हाऊ घातले. लग्नात तिच्या आईने मला साडी हलकी दिली होती, तो विषय मी आज बंद करते.

४. मधली पट्टी माझा पुतण्या चि. सुदेश दगडू भोईर यास देते. या पट्टीवरून माझे दीर आणि माझे पती मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून बसायचे. पट्टी आमची होती, हे मी आजही म्हणेन. तरी सुदेशला देते.

५. चाळीतील खोली क्रमांक तीन, तिच्या मोरी व ओट्यासह, आणि पुढे डेव्हलपमेंट झाल्यास तिच्यापोटी मिळणारी जागा, मी श्री. निर्मल मंडल व सौ. शेफाली मंडल या दोघांच्या नावे देते. हे कलम वाचून विनीतला धक्का बसेल, म्हणून कारण सविस्तर सांगते.

निर्मल लाद्या बसवायचे काम करतो. त्याचे गाव बंगालात नदिया जिल्ह्यात. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन आला. शेफाली पहिल्याच दिवशी माझ्या दारात आली आणि खुणा करून विचारू लागली, की खाडीचे मासे कुठे मिळतील. त्या दिवशी मी निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, केल्या होत्या. तिने वाटीभर नेल्या आणि वाटी परत आणली ती तिच्या पद्धतीचे माशांचे कालवण घालून. मोहरी फार होती. पण तेव्हापासून आमची वाटी रिकामी फिरली नाही. कुंडलिक निर्मलला घेऊन खाडीवर जाऊ लागले. कुंडलिक गेले त्यानंतर पोटच्या मुलीसारखी शेफाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन झोपायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात दुसऱ्या देशातून चोरून आलेल्यांची तपासणी निघाली. सकाळी पोलिस चाळीत आले आणि बंगाली बोलणाऱ्या पुरुषांना गाडीत बसवून घेऊन गेले. निर्मलने कागद दाखवले. असे कागद कोणीही करून घेतो, असे त्याला सांगण्यात आले. शेफाली आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन गाडीमागे धावली आणि नाक्यावर बसून राहिली.

मी विनीतला फोन केला. आदल्या गणपतीत हाच विनीत सुदेशशी वाद घालत होता, की देशात कोणालाही कुठेही राहायचा हक्क आहे, शहरे अशीच वाढतात. सुदेश म्हणत होता, "वाढतात ना, पण आमच्या अंगावर वाढतात. पाणी आमचं, रस्ता आमचा, नोकरी मात्र बाहेरच्याला." सुदेश स्थानिकांच्या संघटनेत आहे. बाहेरच्यांना खोल्या देऊ नका, असा बोर्ड आमच्या गल्लीच्या तोंडावर त्यानेच लावलेला आहे. त्याचे सगळे मला पटत नाही, पण तो बोलतो त्यात खोटेही फारसे नाही. आमच्या नळाला पाणी कमी झाले ते मी रोज बघते.

फोनवर विनीत म्हणाला, "आई, तू यात तुझं नाव घालू नकोस. उद्या मालकीण म्हणून तुलाच बोलावतील. आणि त्यांना खोली सोडायला सांग."

"तू येतोस का?"

"आज कसा येऊ? मीटिंग आहे."

मी रागाने लिहीत नाही. तो मला जपत होता, हे मला कळते. पण तो आला नाही.

मग मी काठी घेऊन सुदेशच्या दारात गेले. त्या दारात मी कित्येक वर्षे पाऊल ठेवले नव्हते. तो जेवत होता. मी म्हटले, "सुदेश, निर्मलला नेला. तुझ्या घरातल्या लाद्या त्यानेच बसवल्यात. तो कुठचा आहे तुला ठाऊक आहे."

तो म्हणाला, "काकी, मना काय सांगतेस? माझं मत तुला ठाऊक हाय."

"मत नको. खरं काय ते येऊन सांग."

त्याने हात धुतला आणि रिक्षा आणली.

पोलिस ठाण्यात साहेबांनी त्याला ओळखले. म्हणाले, "भोईर, यांना हटवा म्हणून तुमच्याच संघटनेचं निवेदन आहे ना?"

"आहे. उद्या पुन्हा देईन. बाहेरचे येऊ नयेत हे माझं म्हणणं आहे आणि ते बदलणार नाही. पण हा माणूस दुसऱ्या देशाचा नाही. हा आमच्या चाळीत राहतो, मी याला ओळखतो. खोटं मी बोलणार नाही, आणि तुम्ही लिहू नका."

साहेबांनी मला विचारले, "आजी, हा तुमचा कोण?"

"भाडेकरू."

"भाडेकरूसाठी एवढं?"

"माझ्या घरातून माणूस नेलात. विचारायला दुसरं कोण येणार?"

त्या दिवशी सोडले नाही. धरून आणलेल्या सगळ्यांना एका हॉलमध्ये ठेवले होते. सुदेश रोज जात राहिला. निर्मलच्या गावच्या सरपंचाला त्याने फोन लावून दिला, आपला जबाब लिहून दिला, संघटनेतल्या लोकांचे टोमणे ऐकले. आठवडा उलटल्यावर निर्मल घरी आला. ओट्यावर बसला. सुदेश त्याला म्हणाला, "आता उगाच थँक्यू बोलू नको. आंघोळ कर." आणि निघून गेला. बोर्ड अजून गल्लीच्या तोंडावर आहे.

शेफाली मुलीला घेऊन गावी गेली. मला वाटले, संपले. काही महिन्यांनी परत आली, पण बदलून. आता ती गल्लीत मुलीशी बंगाली बोलत नाही. मुलगी तिच्या भाषेत काही मागायला लागली की पटकन तिच्या तोंडावर हात ठेवते. ते बघवत नाही. ज्या खोलीतून माणसाला उचलून नेले त्या खोलीवर त्याचेच नाव असावे, असे मी तो तोंडावरचा हात पहिल्यांदा पाहिला त्याच दिवशी ठरवले. ही दया नाही, बक्षीसही नाही. माझी वस्तू आहे आणि ती कुठे शोभेल ते मला कळते.

अट एकच. शेफालीने ओट्यावर बसून मुलीशी आपल्या भाषेत बोलावे, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

६. कुंडलिकांचे पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, निर्मलला. विनीतला ते फेकता येत नाही आणि सुदेशला पाण्याची भीती वाटते. सुदेशने ही भीती नाकारू नये.

७. माझे दिवस थोडक्यात करावेत. फोटोला प्लास्टिकचा हार घालू नये.

८. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व करून देण्याची जबाबदारी मी सुदेशवर टाकते. मी त्याला बोलावून हेमांगीबाईंना पाचवे कलम वाचून दाखवायला लावले. तो म्हणाला, "काकी, लोक हसतील मना. बोर्ड लावणाराच खोली नावावर करून देतोय."

"हसू देत. विनीत तिकडे अठराव्या मजल्यावर. इथे कोण भांडेल? तूच."

"भांडेन," तो म्हणाला. "पण बोर्ड काढणार नाय."

"मी कुठे सांगितलं काढ म्हणून?"

शेवटी हेमांगीबाईंनी निर्मलला आत बोलावले आणि त्याचा कायमचा पत्ता विचारला. निर्मल आपल्या गावाचे नाव, पोस्ट, जिल्हा सांगू लागला. हेमांगीबाई लिहिणार एवढ्यात सुदेश म्हणाला, "मॅडम, ते नको. बाळकुमच लिहा. नाहीतर उद्या सही घ्यायला मला बंगालला जावं लागेल."

निर्मलने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. म्हणून या मृत्युपत्रात निर्मल मंडल यांचा कायमचा पत्ता बाळकुम, ठाणे असा लिहिला आहे. तो मी वाचून घेतला आणि बरोबर असल्याची खात्री केली.

हे सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे उतरले आहे. साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: बाळकुम, ठाणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

सही: रतन कुंडलिक भोईर

साक्षीदार:
१. डॉ. सुमती वैद्य, बाळकुम
२. राजरत्न जाधव, किराणा दुकानदार, बाळकुम